कुडामागची वेलची

फूल सगळ्यांत आधी पाहिलं संदीपने, आणि तेही तोंडात ब्रश असताना. त्यामुळे पार्सेच्या परबांच्या घरातली गेल्या सात वर्षांतली सगळ्यांत मोठी बातमी फेसासकट बाहेर पडली.

"बाबा! ओ बाबा! वेलची फुलली!"

न्हाणीच्या मागे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, चुडतांचा कूड होता, पुरुषभर उंचीचा, आणि त्याच्यावरून एक हातभर लांब घोस वाकून बाहेर आला होता. पांढऱ्याशुभ्र कळ्या, टोकाला गुलाबी, अंगाला कपबशीची चकाकी. दोन-तीन उमललेल्या, त्यांच्या आत पिवळ्यावर तांबड्या रेघा ओढलेल्या. झाडाला मुहूर्त कळतो की काय देव जाणे, पण त्याने दिवस निवडला तो आजचा. आज अकरा वाजता कारापूरहून लेकीच्या, तेजस्विनीच्या सासरची माणसं साखरपुड्याला यायची होती.

शांताराम सोप्यावर दाढी करत बसला होता. एका गालाला फेस, दुसरा गाल गुळगुळीत, अशा अवस्थेत तो परसात धावला. कुडाच्या कोपऱ्याशी आला आणि पाच वर्षांच्या सवयीने गर्रकन वळून कुडाकडे पाठ करून उभा राहिला.

"सांग बघू, कसली दिसता?"

"बाबा, वळून बघा मगे!"

"खुळो काय तू? रीत म्हायत नाय तुका?"

रीत सगळ्या गावाला माहीत होती. वेलचीला पुरुषाची नजर लागते. घरच्या सुनांनीच ती बघायची, सुनांनीच तोडायची, सुनांनीच चुलीवर वाळवायची. पुरुषांनी नाही, कुंवार मुलींनी नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींनी तर नाहीच नाही. ही रीत शांतारामच्या बायकोच्या, कमलच्या माहेरची, तेरेखोलच्या पलीकडच्या आरोंद्याची. कळल्यावर शांतारामने स्वतः माडाची चुडतं विणून कूड उभा केला होता, आणि दरवर्षी पावसानंतर तो नवा करत होता.

संदीप तुयेच्या कारखान्यात सुपरवायझर होता. नियमातून वाट काढणं हे त्याचं रोजचंच काम. तो म्हणाला, "कुडाभितर बघू नये, अशी रीत आसा. ह्यां तर भायर इलांसा. आता तांच तुमका बघता, तर तुमी काय करतल्यात?"

शांतारामने क्षणभर विचार केला. मुद्दा बिनतोड होता. तो हळूहळू वळला, मान वर केली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ह्यां मी लावलंय," तो म्हणाला. मग कुंपणापलीकडे हाक गेली. "सगुण! ए सगुण! हातातला काम टाक आणि ये! माझी वेलची फुलली!"

*

स्वयंपाकघरात कमल आडाळ्यावर नारळ खोवत होती. 'फुलली' हा शब्द जनेलातून आत आला आणि तिच्या हातातली कवड जागच्या जागी थांबली.

"मेलंय," ती म्हणाली.

वैशाली चण्याच्या डाळीचं पातेलं उतरवत होती. सासू का मेली हे तिला विचारावं लागलं नाही. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तांदळाच्या डब्यात हात घातला तेव्हा तिला पेडण्याच्या बाजारातल्या वेलचीची पुडी सापडली होती. परबांची वेलची तांदळात पिकते हे त्या दिवसापासून घरात दोघींनाच ठाऊक होतं.

सात वर्षांपूर्वी डिचोलीकडची खाण बंद पडली. शांताराम तिथे टिपर चालवायचा. शेवटच्या दिवशी खाणीच्या बंगल्यावरच्या माळ्याने बागेतला एक गड्डा उपटून त्याच्या हातात दिला. पान चुरगळून नाकाशी धरलं आणि म्हणाला, वेलची आहे, घेऊन जा. शांतारामने ती न्हाणीच्या पाण्यावर, माडाच्या सावलीत लावली. टिपर दारात ताडपत्री घालून उभा, आणि हा सोप्यावर बसून त्याच्याकडे बघत. दाढी नाही, बाजार नाही, कोणाशी बोलणं नाही. दिवसातून एकदा उठायचा तो झाडाला वेलची धरली का बघायला, आणि परत यायचा तो जास्तच खाली मान घालून. दोन वर्षं हे चाललं. कमलने एवढा मोठा माणूस असा विझताना पाहिला आणि तिला ते सोसवेना.

म्हणून एका सकाळी तिने खिरीत विकतच्या चार वेलच्या कुटून घातल्या आणि म्हणाली, "आपल्या झाडाची हां."

त्या दिवशी शांतारामने दाढी केली. चपला घातल्या आणि सगळ्या वाड्यावर सांगत फिरला. त्यानंतर खरं सांगायला तोंड कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी तो पहाटेच बॅटरी घेऊन झाडाच्या बुंध्याशी वेलच्या शोधायला लागला, तेव्हा कमलला उभ्या उभ्या माहेरची रीत सुचली. आरोंद्याला वेलचीचं झाड नव्हतंच, तिथे रीत कुठली असणार? पण माहेरच्या रीतीला पुरावा मागायची हिंमत कोणत्या नवऱ्याला असते! पुढे वर्षभरात शांताराम भाड्याची गाडी चालवायला लागला, माणसांत आला, आणि खिशात पाच-पाच वेलच्यांच्या पुड्या ठेवून भेटेल त्याला वाटायला लागला.

"आई," वैशाली हळूच म्हणाली, "शंभूकाका येणार न्हवं आज? त्यास्नी लई म्हाइती हाय म्हणं. त्यांच्या कुळागरात खरी वेलची हाय."

शंभू म्हणजे होणारा व्याही. कारापूरला त्यांचं कुळागर होतं. सुपारीखाली मिरी, मिरीखाली वेलची.

"म्हणानच तर मेलंय म्हणतंय," कमल म्हणाली. "तेणी एक फावट वर बघल्यान की झाला. भर साखरपुड्यात, चेडवाच्या सासरच्यांफुडे. हे परत त्या सोप्यार जावन बसतले गे. माका म्हायत आसा."

आणि तिचे डोळे भरून आले. व्याह्यांनी हसावं, गावाने हसावं, त्याचं तिला काही नव्हतं. तो सोपा तिला भीती घालत होता.

वैशाली कोल्हापूरकडची. रडण्यात वेळ घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने कोयती टॉवेलात गुंडाळली. "घोस कापून टाकते. पाखरांनी पाडला म्हणायचं."

"जा. वगी जा."

दोन मिनिटांत ती कोयतीसकट परत आली.

"आई, ऱ्हाऊ द्या. सगुणदादा हाईत, त्यांची मंडळी हाईत, पोदेर पाव द्यायला आलेला तोबी सायकल लावून हुबा हाय. आन् हार घालायलेत."

"कोणाक?"

"झाडाला."

कमलने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाहेरून शांतारामचा आवाज आला. "संदीप! भायल्यो कदेली हंय आण! मेज पण आण! साखरपुडो हंयच करूया, वेलचेकडे!"

*

पद्मावती, शांतारामची धाकटी बहीण, तीस वर्षांपूर्वी कारापूरला दिलेली. हे लग्न तिनेच जुळवलं होतं. शंभू तिचा चुलत दीर, कुळागर सामायिक. मानाची माणसं मागच्या गाडीत होती, ती मात्र अर्धा तास आधीच येऊन पोचली, कारण माहेरी गेल्यावर स्वयंपाकात चूक काढायला वेळ हवा.

माहेराविषयी तिच्या मनात एकच सल होता, तो म्हणजे कूड. जन्मली त्या घराच्या परसात, जिथे परकर खोचून चिंचा वेचल्या तिथे, तिने पाऊल टाकायचं नाही, आणि कालची आलेली कोल्हापूरची पोरगी खुशाल आतबाहेर करते! पाच वर्षं ती हा अपमान गिळत होती. गिळता गिळता त्यातून तिने एक फायदाही काढला होता, पण तो पुढे येईलच.

"पद्मे, बघ!" शांतारामने तिला हाताला धरून ओढलं. गाल अजून अर्धाच झालेला, फेस वाळून पापडी धरलेली. "बघ गे, बघ!"

पद्मावतीने वर बघितलं आणि तिला एका नजरेत कळलं.

कारापूरला तिची वेलची आत्ता या मे महिन्यात फुललेलीच होती. पण वेलचीचं फूल बघायचं तर खाली बसावं लागतं. बुंध्यातून निघालेल्या काड्या जमिनीवर सरपटतात, त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढी फुलं येतात, पालापाचोळा बाजूला केला तर दिसतील. ही बया तर डोक्यावर फुललेली, नवरीच्या मुंडावळीसारखी लोंबत. ही वेलची असेल तर मी गव्हर्नर, पद्मावती मनात म्हणाली.

ती बोलायला तोंड उघडणार एवढ्यात तिने भावाकडे पाहिलं. टिपर विकला त्या दिवशी तिने हाच चेहरा पाहिला होता, पण तेव्हा त्यात काहीच उरलेलं नव्हतं.

"बरी फुलली हां, दादा," ती म्हणाली आणि तडक स्वयंपाकघरात शिरली.

"वयनी, भायर जां लोंबता तां काय आसा?"

"वेलची," कमल म्हणाली. खोवलेल्या नारळावरून तिने मान वर केली नाही.

"माझ्याफुडे? माझ्याफुडे वेलची? तीस वर्सां वेलची तोडतंय मी!"

वैशालीने दार लोटून घेतलं. मग कमलने सांगितलं, खिरीपासून तांदळाच्या डब्यापर्यंत, सगळं, एका दमात. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता तुमका काय बोलाचां तां बोला, वन्स. पण आजचो दिस सोडा."

पद्मावती पिठाच्या डब्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग दोनदा बदलला.

"म्हणजे ती रीत..."

"माझी. मीच काडलंय."

"आरोंद्याची न्हय?"

"आरोंद्याक कोणी वेलची बघूकच नाय."

"अगो वयनी!" पद्मावतीने दोन्ही हात गालांना लावले. "ती रीत मी कारापुराक नेलंय!"

आता कमलचं तोंड उघडं पडलं.

"चार वर्सां झाली! शंभूभावजी काय करीत, दिसातसून चार खेपे वेलचेकडे जात. पिकली काय, बघता बघता हिरवीच उपटीत. तेंची बायल मंगल आणि मी कंटाळलोंव. तुझी रीत ऐकलंय आणि जावन सांगलंय, पार्शाक मोठी जुनी रीत आसा, पुरुषाची नजर लागता. त्या दिसापासून भावजी थंय फिरकाक नाय! वेलची दुप्पट येवक लागली. तेंका वाटता, रीतीमुळे."

वैशालीच्या नाकातून एक आवाज आला. तिने पदर तोंडात कोंबला. कमलला हसू यायला नको होतं, तिचा जीव टांगणीला लागला होता, पण तीस वर्षं वाकड्यात गेलेल्या नणंदेकडे बघताना तिला ते आवरेना. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून इतक्या हसल्या की मेजावरचा तांब्या कलंडला.

"मगे आता?" डोळे पुसत पद्मावती म्हणाली. ती आता या बाजूची होती, त्यात शंकाच उरली नव्हती. "भावजींनी वर बघल्यानी तर तुझां बिंग फुटताच, माझांय फुटता. आणि मंगलचां!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

*

तिघी जनेलाशी गर्दी करून उभ्या राहिल्या.

शंभू गाडीतून उतरला. सदरा, टोपी, हातात नारळाची पिशवी. मागून मंगल, तिच्यामागे नवरामुलगा सिद्धेश, नव्या कपड्यांत अवघडलेला. शांताराम दोन्ही हात पसरून पुढे धावला.

"व्याही! येवा! आदी परसात येवा! वेलची फुलली आसा, कुडाच्या वयर इली!"

परसाच्या तोंडाशी येताच शंभू थांबला आणि झटकन पाठ फिरवून न्हाणीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"नको, व्याही, नको! माका सांगा नकात. आमच्याकडे पण तीच रीत आसा. चार वर्सां मी वेलचेचां पान बघूक नाय. तुमच्याच पार्शातसून इली ती रीत."

"पण ती भायर इली आसा. संदीप म्हणता..."

"संदीप ल्हान आसा. नजर ती नजर. तुमची फुललली वेलची माझ्या नजरेन सुकली तर चेडू देतल्यात काय तुमी माका?"

शांताराम विचारात पडला. सकाळपासून आपण बघतोय, काही बाधलं तर? त्यानेही निमूट पाठ फिरवली. मग काय विचारता! सगुणने फिरवली, पोदेराने फिरवली, सिद्धेशला काही कळलं नाही तरी सासऱ्यांनी फिरवली म्हणून त्यानेही फिरवली. परसात हारतुरे घातलेलं झाड डोलत होतं, आणि सगळे पुरुष रांगेत न्हाणीच्या भिंतीकडे तोंड करून, चिंचेच्या पारावर गप्पा माराव्यात तसे, एकमेकांच्या वेलचीचं कौतुक करत होते.

स्वयंपाकघरात पद्मावतीने देवाला हात जोडले. "सुटलोंव!"

वैशाली म्हणाली, "आई, वाचलो बगा. आता कोण बी बघत न्हाई."

कमलनेही सुस्कारा सोडला. मणगणं, ती चण्याच्या डाळीची खीर, ढवळायला ती वळलीही. तेवढ्यात भिंतीशी बोलणारा शांतारामचा आवाज जनेलातून आत आला, आनंदाने भिजलेला.

"व्याही, माझ्याकडे सोना नाय, गाडी नाय. पण आज मी ह्या वेलचेचो गड्डो काडतलंय आणि तेजूच्या ओटीत घालतलंय. माझ्या हातान लावलली वेलची तुमच्या कुळागरात जातली. तिच्या पोरांनी सांगूक होया, आजोबाची वेलची म्हणान."

पळी कमलच्या हातात तशीच राहिली.

तेजस्विनी मधल्या खोलीत आरशासमोर बसली होती, हिरवी साडी, केसांत आबोलीची फांती. हे सगळं तिनेही ऐकलं आणि ती लाजून हसली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कारापूरला गेल्यावर वर्षभरात जावानणंदा त्या गड्ड्याकडे बघून हसतील. किंवा हसणार नाहीत, आणि मग तेजूला जन्मभर तांदळाच्या डब्यात पुडी लपवावी लागेल. नवऱ्याला जगवायला आपण खोटं बोललो, त्याचा कमलला पश्चात्ताप नव्हता. पण ते लेकीच्या ओटीत घालायचं?

"वयनी, खंय चललंस? वयनी!" पद्मावतीने तिचा पदर धरला. कमलने तो सोडवून घेतला.

*

"ती वेलची न्हय," ती परसात येऊन म्हणाली.

भिंतीकडे तोंड केलेली रांग हलली, पण वळलं कोणी नाही.

"काय म्हणतंस?" शांतारामने भिंतीला विचारलं.

"वळा. सगळी वळा. बघा खुशाल, काय लागणा नाय. ती वेलची न्हय. कदीच नव्हती. तुमी पाच वर्सां खाल्लात ती पेडण्याच्या बाजारातली, मी आणललंय. आणि ती रीत माझ्या म्हायारची न्हय. ती मी काडलंय, तुमी झाडाकडे जावक नये म्हणान."

सगळे वळले. शंभूने वर पाहिलं, आणि चार वर्षं उपाशी असलेल्या माणसाने ताट बघावं तसा बघतच राहिला. मग पुढे जाऊन त्याने एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं.

"वास बरोबर आसा. माळ्याचोय दोष नाय, खूप जण फसतत. वेलचेची मावसबहीण ही, शोभेची. बंगल्यातसून लावतत. वेलची भुंयेर फुलता, ही शेंड्यार." मग कारागिराच्या कुतूहलाने विचारलं, "पण सात वर्सांत आजच कशी फुलली? दर सालाक कापीत होतात काय?"

"होय," कमल म्हणाली. "कुडाच्या वयर दिसाक नये म्हणान. औंदा ह्या लग्नाच्या गडबडीत ऱ्हवलां."

"थंयच चुकलां. आदल्या वर्साच्या दांड्यार फुलता ही. तुमी दांडो कापलात की फूल गेलां."

तेजस्विनी साडी सावरत धावत बाहेर आली होती. तिने मोबाईलवर घोसाचा फोटो काढला, बोट फिरवलं आणि वाचलं, "शेल जिंजर! आल्याच्या कुळातली!" पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शंभूच्या डोक्यात आता कुठे दुसरी गोष्ट उतरली होती. तो सावकाश बायकोकडे वळला.

"मंगल, आमच्याकडची रीत मगे?"

मंगलने पद्मावतीकडे पाहिलं. पद्मावतीने आभाळाकडे पाहिलं.

"तुमी हिरवी उपटीत होतात," मंगल म्हणाली.

"चार वर्सां! माझ्याच कुळागरात!"

"आणि वेलची दुप्पट नाय झाली?"

शंभूने टोपी काढून डोकं खाजवलं. सगुण आधी हसला, मग पोदेर, मग सिद्धेश. पण कमल हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. शांतारामने कोणाकडे पाहिलं नाही. तो चालत गेला, पाच वर्षांनी कुडाच्या मागे गेला. हळूहळू हसणारे गप्प झाले.

"कमल," आतून हाक आली. "हंय ये."

ती गेली. आत ओली सावली होती, पानांना खरंच वेलचीचा वास होता. शांताराम झाडापाशी उकिडवा बसला होता, पाठ तिच्याकडे.

"कित्याक केलंस?"

"तुमी सोप्यार बसललात म्हणान," ती म्हणाली. "माका भियां वाटा होतां. तुमी मरतल्यात अशां वाटा होतां माका."

त्याचे खांदे हलायला लागले. कमल खाली वाकली, आणि बघते तर तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहत.

"पाच वर्सां," त्याला बोलता येईना, "पाच वर्सां मी सगुणाक वेलची वाटलंय! देवळात भटाक दिलंय! दाक्तराक दिलंय, म्हटलां खत नाय, औषध नाय, निव्वळ घरची! आणि तेणी... तेणी म्हणल्यान, शांताराम, बाजारातली अशी नसता!"

आता कमलही फुटली. बाहेरच्यांना फक्त कूड हलताना दिसत होता. मग तो जास्तच हलला, एका बाजूने कलला, आणि धाडकन आडवा झाला, कारण शांतारामने तो मुळासकट उपटला होता. मागे दाट हिरवी, पुरुषभर उंचीची पानं उघडी पडली. आणि त्यांच्यात एक नव्हे, आणखी चार घोस, कळीत.

"बघा," अर्ध्या दाढीचा शांताराम सगळ्यांना म्हणाला. "काय का असेना, लावलां मी. आणि ओटीत मी हेचोच गड्डो घालतलंय. वेलची म्हणान न्हय. फूल म्हणान. आणि तेजू, दांडो कापू नको."

तेजस्विनी म्हणाली, "नाय कापणार, बाबा," आणि तिथेच रडायला लागली, तर सिद्धेशने भर मंडळींत तिला रुमाल दिला. पद्मावतीने ते पाहिलं आणि मंगलला कोपर मारलं. अंगठ्या त्या घोसाखालीच घातल्या गेल्या, आणि एक उमललेलं फूल सिद्धेशच्या खांद्यावर पडलं, ते त्याने दिवसभर झटकलं नाही.

मग शंभूने शब्द दिला, पावसाच्या तोंडावर खऱ्या वेलचीचा गड्डा पाठवतो. कमल चटकन म्हणाली, "ती तुमीच लावा, तुमीच तोडा. आता काय रीतबीत नाय."

"खुळी काय तू?" शांताराम म्हणाला. पडलेला कूड त्याने खांद्यावर घेतला, माडाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत नेला, आणि अजून न आलेल्या वेलचीभोवती नीट उभा करून ठेवला. "रीत ती रीत."

"बरोबर," शंभू पडेल आवाजात म्हणाला. मंगलने त्याच्या पाठीवर थोपटलं.

पंगत बसली. वैशालीने मणगणं वाढलं. शांतारामने एक घास घेतला, डोळे मिटले, चव घोळवली, जशी गेली पाच वर्षं प्रत्येक सणाला घोळवत आला होता.

"हेतली वेलची खंयची?"

कमलने पाच वर्षांत पहिल्यांदा या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. "पेडण्याच्या बाजारातली."

शांतारामने आणखी एक घास घेतला. खूप विचार केला, आणि मान हलवली.

"आपली बरी होती," तो म्हणाला.